21 फेब्रुवारी वेगळी, 27 फेब्रुवारी वेगळी

दरवर्षी फेब्रुवारीत ग्रुपवर तेच सुरू होतं. 21 तारखेला सकाळी सकाळी कुसुमाग्रजांचा फोटो येतो, मग 27 ला तोच फोटो परत, खाली "मातृभाषा दिनाच्या शुभेच्छा", आणि कुणीतरी हमखास "राजभाषा दिन" पण टाकतंच. आता खरंच वैताग आलाय, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

27 फेब्रुवारी तुम्हाला माहितीच आहे. वि. वा. शिरवाडकरांचा, म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, 1912 सालचा, आणि 2013 पासून सरकारी पातळीवर मराठी भाषा गौरव दिन. राजभाषा दिन 1 मे ला असतो, महाराष्ट्र दिनाच्याच दिवशी. बस, एवढं पाठ करून टाका.

21 फेब्रुवारी म्हणजे आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन. त्याचा मराठीशी थेट संबंध नाही, तो दिवस ढाक्याचा आहे, आणि ढाका तेव्हा पाकिस्तानात होतं. पाकिस्तानात अर्ध्याहून जास्त लोक बंगाली बोलत होते तरी राज्यकारभाराची भाषा एकटी उर्दूच असं वरून ठरत होतं, त्याविरुद्ध 1952 साली याच तारखेला जमावबंदी मोडून विद्यार्थी बाहेर पडले आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. रफीक, बरकत, जब्बार, अशी पोरं गेली. 1956 च्या राज्यघटनेत बंगालीला उर्दूच्या बरोबरीने जागा द्यावी लागली. युनेस्कोने 1999 मध्ये हा दिवस जगभरासाठी जाहीर केला. ढाक्यात अजूनही लोक त्या दिवशी अनवाणी शहीद मिनारवर फुलं वाहायला जातात.

पण तारखा चुकतात याचं मला इतकं काही वाटत नाही. खरी गडबड पुढे आहे. 27 तारीख एका भाषेची आहे, मराठीची. 21 तारीख ज्याच्या त्याच्या घरातल्या भाषेची आहे, आणि महाराष्ट्रात प्रत्येकाच्या घरात मराठी नसते हेच आपण विसरतो. दिल्लीकडून हिंदी आली की आपण लगेच बंगाल्यांच्या जागी उभे राहतो, ते बरोबरच आहे, मीही राहतो, पण मेळघाटातलं कोरकू पोरगं पहिलीच्या वर्गात बसतं तेव्हा त्याच्यासमोर न समजणारी भाषा घेऊन आपण उभे असतो. कोरकू ही मुंडारी-संथाळीच्या कुळातली, गडचिरोलीतली गोंडी द्राविडी, तेलुगूच्या नात्यातली, म्हणजे दोन्ही मराठीच्या कुळातल्या नाहीतच. "पाटी काढा" एवढं कळायलासुद्धा त्या पोरांना वेळ लागतो, आणि त्यांच्याच शाळेवर आपण "आपली मातृभाषा मराठी" असा बॅनर लावतो! अल्पसंख्य भाषेच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी असं राज्यघटनेच्या 350अ कलमात 1956 पासून लिहिलेलं आहे.

माझं स्वतःचं सांगतो. आमचं घर धुळ्याचं, घरात अहिराणी. दुसरीत असताना मी वर्गात "बाई, माले भूक लागनी" म्हणालो, सगळा वर्ग हसला, आणि बाईंनी मला उभं करून तीनदा "मला भूक लागली" म्हणायला लावलं. बाई वाईट नव्हत्या, त्यांना खरंच वाटत होतं की त्या माझी मातृभाषा सुधारतायत. पण त्यानंतर पाहुणे आले की मी आईला हळूच सांगायचो, मराठीत बोल. ते आठवलं की अजून घशात अडकतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "अहो, अहिराणी मराठीचीच बोली ना, मग काय फरक पडतो?" जनगणनेत अहिराणी मराठीखाली नाही, खान्देशी या वेगळ्या भाषेखाली मोजतात. आणि समजा बोली असली तरी काय, आई जे बोलते ती मातृभाषा, तिला व्याकरणाचं पुस्तक किंवा सरकारी शिक्का लागत नाही. "शुद्ध बोल" हा शब्द तर मला अजिबात सहन होत नाही. प्रमाण मराठी म्हणा, माझी तक्रार नाही, ती मी शिकलो, त्यातच लिहितोय आणि माझं तिच्यावर प्रेम आहे, पण आईची भाषा अशुद्ध नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. 27 ला मराठीसाठी जे करायचं ते जोरात करा, दुकानाच्या पाट्या, मराठी शाळा, बँकेतला फॉर्म, सगळ्यावर भांडा, मी सोबत आहे. 21 ला मात्र घरात जे बोलता त्यात एक वाक्य लिहा. मालवणीत लिहा, पोवारीत लिहा, सोलापूरच्या पद्मशाली घरांत तेलुगू बोलतात त्यांनी तेलुगूत लिहा, शेजाऱ्याला त्याची भाषा विचारा. मी या वर्षी आईचा व्हॉइस मेसेज स्टेटसला ठेवणार आहे, ती रोज संध्याकाळी माझ्या मुलीला विचारते तोच, "काय करी राहिनी व?"