हातठसे (बालहस्तकला)

हातठसे : (हाताचे ठसे, पंजे, थापे). लहान मुलाच्या तळहाताला रंग, कालवलेली माती किंवा पिठाची खळ लावून तो कागदावर, कापडावर वा भिंतीवर टेकवणे आणि उमटलेल्या आकृतीत थोडी भर घालून तिचे पान, मासा, पक्षी किंवा झाड करणे, असा बालवर्गातील व घरातील सोपा हस्तोद्योग. दीड-दोन वर्षांपासून सहा-सात वर्षांपर्यंतच्या मुलांबरोबर तो केला जातो. मऊ मातीत किंवा कणकेत हात दाबून घेतलेला खोलगट ठसा आणि कागदावर हात ठेवून भोवती रंग शिंतोडल्यावर मागे राहणारी कोरी आकृती हेही याच वर्गात धरतात. पुढील विवेचनात या तिघांना अनुक्रमे उमटठसा, खोलठसा व छायाठसा म्हटले आहे. गोव्यातील बालवाड्या, अंगणवाड्या व मराठी प्राथमिक शाळांत हे काम चवथ (गणेशचतुर्थी), दिवाळी, नाताळ, शिगमो (होळीचा उत्सव) अशा सणांच्या निमित्ताने होते.

संज्ञा : मराठीत ‘ठसा’ व ‘छाप’ हे शब्द मुद्रेच्या अंगाने जाणारे आहेत, उघड्या तळहाताच्या खुणेला जुना आणि नेमका शब्द ‘थापा’. तो ‘थाप’ या ध्वन्यनुकारी शब्दापासून आला असे एक मत, तर संस्कृत ‘स्थाप्’शी त्याचा संबंध जोडणारे दुसरे. देव थापणे, घट थापणे यांतील ‘थापणे’ स्थापनेकडे निर्देश करते हे खरे; पण भाकरी थापणे आणि शेणी थापणे यांत तळहाताचा आवाज व दाब हीच मुख्य क्रिया आहे. हाताच्या ठशापुरते तरी पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते. भिंतीवर थापलेल्या शेणीवर उमटणारी पाच बोटे हा खेड्यातल्या मुलाने पाहिलेला बहुधा पहिला हातठसा. सारवलेल्या जमिनीवरच्या अर्धगोल बोटरेघाही त्याच कुळातल्या.

प्राचीनत्व : हाताचा ठसा ही मानवाने जाणूनबुजून मागे ठेवलेल्या सर्वांत जुन्या खुणांपैकी एक आहे, याबाबत दुमत नाही, काळाबाबत मात्र आहे. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरच्या चुनखडी गुहांतील एका छायाठशाचे वय किमान ३९,९०० वर्षे असल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. स्पेनमधील माल्त्रावियेसो गुहेतील छायाठशासाठी २०१८ मध्ये ६४,००० वर्षांहून अधिक वय सांगण्यात आले. ते मान्य केल्यास ठसा निअँडरथल मानवाचा (आजच्या माणसाहून वेगळ्या, नामशेष झालेल्या मानवगटाचा) ठरतो. दोन्ही ठिकाणी पद्धत युरेनियम-थोरियमची. रंगावर साचलेल्या खनिज थराचे वय मोजायचे आणि रंग त्याहून जुना मानायचा. आक्षेप असा, की पाझरत्या पाण्याने थरातील युरेनियम वाहून गेले असल्यास वय फुगते, शिवाय मोजलेला थर नेमका त्याच रंगावर बसलेला होता का, हेही प्रत्येक वेळी सिद्ध करावे लागते. सुलावेसीची तारीख त्यामानाने कमी वादग्रस्त असून तीच धरून चालणे इष्ट.

मुलांच्या दृष्टीने तीन स्थळे विशेष महत्त्वाची आहेत. तिबेटच्या पठारावर क्वेसांग येथे उष्ण झऱ्याच्या एके काळी मऊ असलेल्या निक्षेपात पाच हातांचे व पाच पायांचे ठसे ओळीने दाबलेले आढळले. त्यांचा काळ १,६९,००० ते २,२६,००० वर्षांपूर्वीचा असून ते दोन मुलांचे असावेत, असे २०२१ मध्ये मांडले गेले. त्यांना कला म्हणावे की खेळ, यावर अभ्यासकांत एकमत नाही. चार वर्षांच्या मुलाला ओल्या मातीपाशी बसवून पाहिलेल्या कोणालाही या दोहोंतली सीमारेषा फारशी पटणार नाही. फ्रान्समधील रूफिन्याक गुहेच्या छतावर बोटांनी ओढलेल्या रेघांपैकी काही पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या आहेत. छताची उंची पाहता मोठ्या माणसाने मुलाला उचलून धरले असले पाहिजे. तिसरे स्थळ इशारा म्हणून नोंदवण्याजोगे. ईजिप्तच्या पश्चिम वाळवंटातील ‘वाडी सुरा २’ या शैलाश्रयात मोठ्या हातांच्या आत रंगवलेले तेरा इवले छायाठसे तान्ह्या बाळांचे मानले जात. २०१६ मध्ये त्यांची मापे नवजात व अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या हातांशी ताडून पाहिल्यावर ते मानवी नसून बहुधा घोरपडीसारख्या सरपटणाऱ्या प्राण्याचे पाय असावेत असे दिसून आले. लहान ठसा म्हणजे लहान मूल, हे गृहीतक म्हणूनच जपून वापरावे.

भारतात भीमबेटका येथील शैलाश्रयांत हातठसे आहेत. गोव्यात कुशावती नदीकाठी उसगाळीमळ येथे जांभ्या दगडावर वळू, हरणे, चक्रव्यूह इत्यादींची कोरीव चित्रे असून ती १९९३ मध्ये प्रकाशात आली. ती दगड खोदून केलेली आहेत, ठशाची नव्हेत. गोव्यातील सतीशिळांवरचा कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हातही कोरीव चिन्ह आहे. त्याचा प्रस्तुत विषयाशी संबंध जोडणे बरोबर नाही.

वाङ्मयीन परंपरा अधिक भक्कम आहे. पाली ग्रंथांत ‘पंचंगुलिक’ म्हणजे गंधाने वा रंगाने उमटवलेला पाच बोटांचा ठसा वारंवार येतो आणि भारहूतच्या शिल्पांत स्तूपावर असे ठसे कोरून दाखवले आहेत. डच विद्वान फोगेल यांनी १९१९ मध्ये यावर स्वतंत्र निबंध लिहिला. सातव्या शतकात बाणभट्टाने हर्षचरितात राज्यश्रीच्या विवाहाची तयारी वर्णिताना उखळ, मुसळ, पाटा यांवर उमटवलेल्या पिठाच्या पंचांगुलांचा उल्लेख केला आहे. हा ठसा मंगलचिन्ह की दृष्ट लागू नये म्हणून केलेले रक्षणचिन्ह, असा प्रश्न विचारला जातो. घरातल्या रूढीत हे दोन हेतू वेगळे काढता येतात असे वाटत नाही. लग्नघरी दारालगत उमटलेले हळदीकुंकवाचे हात हा त्याचाच आजवर टिकलेला धागा होय.

शालेय प्रथेचा उगम : बालवर्गातील हातठसे या घरगुती रूढीतून आले, की पाश्चात्त्य बालशिक्षणातून? रूथ फेसन शॉ या अमेरिकन शिक्षिकेने बहुधा १९२० च्या दशकाच्या अखेरीस रोममधील आपल्या शाळेत बोटांनी रंगवण्याची पद्धत विकसित केली आणि पुढील दशकात ती अमेरिकेत रुजली. एका मुलाने न्हाणीघराच्या भिंतीवर आयोडीन फासलेले पाहून त्यांना ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. आपल्याकडे १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व पुढे कोसबाड येथे परिसरातील बिनखर्चाच्या वस्तूंवर बालशिक्षण उभे केले. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली असल्याने हे विचार येथे मुख्यतः त्यानंतर, शिक्षकांच्या प्रशिक्षणातून पोहोचले असावेत. शाळेतील कागदावरचा, चित्रात रूपांतरित होणारा ठसा हा बोटरंगाईच्या अंगाने आला असे मानणे योग्य. ज्या घरांत काव, शेण, हळद यांनी हात भरणे रोजचेच होते, तेथे तो सहज सामावला गेला इतकेच. २०२२ च्या पायाभूत स्तरावरील राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने खेळ व हाताने करण्याच्या कामाला मध्यवर्ती स्थान दिले असून गोव्यात या स्तराची अंमलबजावणी २०२३-२४ पासून सुरू झाली.

माध्यमे : गोव्याच्या मातीतच रंग आहे. जांभ्यापासून मिळणारी लोहयुक्त तांबडी काव कोकणपट्टीतील कावी भित्तिचित्रांना नाव देऊन गेली. तीच वस्त्रगाळ करून मैद्याच्या शिजवलेल्या खळीत (एक भाग मैदा, चार भाग पाणी) कालवली की मुलांसाठी उत्तम दाट रंग होतो. कावीकामात चुन्याचा गिलावा असतो. मुलांच्या कामात चुना अजिबात नको, तो कातडी व डोळे भाजतो. हळदीचा पिवळा सर्वांत निर्धोक, मात्र उन्हात काही दिवसांत उडतो. हळदीचा हात साबणाने धुताना फेस क्षणभर तांबडा होतो. साबणातील क्षारामुळे हळदीतील कुर्कुमिन रंग बदलते, आणि हळद व चुना यांपासून कुंकू करतात त्यामागेही हेच तत्त्व आहे. पाच वर्षांच्या मुलांना हे दाखवल्यास ठशापेक्षा हात धुण्यातच त्यांचा अर्धा तास जातो, तो जाऊ द्यावा. एप्रिल-मेमध्ये भिंडांचा (कोकमाचा) रस वापरता येतो. त्याचा गुलाबी फिका असतो आणि डाग मात्र पक्का बसतो.

खोलठशासाठी सर्वत्र सांगितली जाणारी मिठाची कणीक (दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, लागेल तसे साधारण एक वाटी पाणी) गोव्यात पावसाळ्यात फसते. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली, की मीठ बाष्प ओढून विरघळू लागते. जून ते सप्टेंबरात येथील आर्द्रता बहुतेक काळ त्याहून जास्त असते. त्यामुळे कडक वाळलेला ठसा आषाढात घामेजतो, मऊ पडतो आणि अखेर त्याला बुरशी येते. वरून व्हार्निश दिल्यास थोडा काळ निभावतो, पण मागची बाजू उघडी राहिली तर तेथून ओल शिरतेच. हे काम दिवाळीनंतर ते शिगम्यापर्यंतच्या कोरड्या दिवसांत करावे, किंवा कणीक सोडून कुंभाराची माती घ्यावी. डिचोलीची कुंभारकला प्रसिद्ध आहे. तिथल्या भट्टीत इतर भांड्यांसोबत ठसा भाजून घेता येतो. माती सुकताना व भाजताना तिच्या जातीनुसार पाच ते बारा टक्के आकसते. घरी आलेला हात मुलाच्या हाताहून लहान दिसतो तो यामुळे.

विकत घेतलेल्या रंगांबाबत दक्षता हवी. बोटांनी वापरायच्या रंगांसाठी भारतीय मानक ९८७३ चा सातवा भाग आहे आणि खेळण्यांवरील गुणवत्ता नियंत्रण आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. घरातला उरलेला भिंतीचा वा तैलरंग मुलाच्या हाताला कधीही लावू नये. घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्षात ९० भाग इतकी खाली आली ती नोव्हेंबर २०१७ पासून; त्याआधीचे डबे अजून अनेक पडव्यांत आहेत. अगोदर खोबरेल चोळल्यास हात चटकन धुतला जातो, पण पाण्याचा रंग तेलावर फुटतो आणि ठसा ठिपक्याठिपक्यांचा उमटतो.

रचना : उभा तळहात व मनगटाखालचा हात रंगवला की माड होतो, बोटे ही त्याची चुडते. आडवा तळहात म्हणजे मासा, अंगठा त्याचा पर. निळसर-रुपेरी रंगात पाठीवर नागमोडी रेघा ओढल्या की मुले त्याला विचारण्याआधीच बांगडा म्हणतात. बोंडू (काजूचे फळ) अंगठ्याच्या एकाच ठशात होतो, टोकाला करंगळीची करडी बी. माटोळीचे (चवथीला गणपतीच्या वर टांगतात त्या फळापानांच्या चौकटीचे) चित्र सामूहिक करतात : वर आडवी काठी, खाली प्रत्येक मुलाची एक मूठ वा बोट म्हणजे एक फळ. सर्वाधिक चुकते ती कुर्ली (खेकडा). दोन तळहात जोडून ती करताना अंगठ्यांवर डोळे काढण्याची पद्धत रूढ आहे. वास्तविक कुर्लीला चालायचे आठ पाय व दोन नांग्या असतात. दोन्ही हातांची आठ बोटे पाय आणि दोन अंगठे नांग्या धरल्यास शरीररचना तंतोतंत जुळते. किनाऱ्यावर वाढलेली मुले हा फरक स्वतःच दाखवून देतात.

हाताळणी : जन्मतः तळहाताला काही टेकताच मूठ आवळली जाते. ही प्रतिक्षिप्त क्रिया चार ते सहा महिन्यांत ओसरते. तोवर हाताऐवजी पाऊलठसा घेणे सोपे. घ्यायचाच असेल तर बाळाच्या पंजाच्या मागच्या बाजूवर हळूच बोट फिरवावे, मूठ आपोआप उघडते. काही मुलांना ओला, चिकट स्पर्श सहन होत नाही. त्यांच्यासाठी छायाठसा किंवा नुसती हाताची बाह्यरेघ पुरेशी आहे.

मुलाचे मनगट धरून तळहात कागदावर दाबणे आणि मग मोर, मासा शिक्षिकेनेच पुरा करणे ही सर्वत्र आढळणारी रीत प्रस्तुत नोंदकाराला सर्वथा गैर वाटते. अशा भिंतीवर तीस मोर एकसारखे दिसतात आणि त्यांत एकाही मुलाचा हात ओळखू येत नाही. दाब कमी पडून बोट तुटलेले, सरकून सहा बोटांचे झालेले, ठसे पुसून पुन्हा घेऊ नयेत. ते कशासारखे दिसते, हे आधी मुलाला विचारावे आणि तो जे म्हणेल ते, सांगितल्या शब्दांत, खाली लिहावे. कोकणीत म्हटले असल्यास कोकणीत.

जतन : ठशावर नाव, तारीख व वय पेन्सिलीने लिहितात. बोटांवरील रेषांचे नमुने गर्भावस्थेच्या पाचव्या महिन्याच्या सुमारास पक्के होतात आणि पुढे फक्त आकाराने वाढतात. याचा प्रशासकीय उपयोग भारतातच सुरू झाला. बंगालमधील जंगीपूर येथे जुलै १८५८ मध्ये विल्यम हर्शेल यांनी राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या संपूर्ण तळहाताचा ठसा करारपत्राच्या मागे घेतला होता. दरवर्षी एकाच दिवशी एकाच कागदावर ठसे घेत गेल्यास हाताची वाढ दिसते. गोव्याच्या दमट हवेत असा कागद प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नये. सुती कापडात गुंडाळून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून तो लाकडी पेटीत ठेवावा आणि पावसाळा सरल्यावर एकदा सावलीत वारा द्यावा.