म्युलरचा मिलर आणि निमायरचा शुल्टे : जर्मन पूर्वज शोधताना होणारी गल्लत

अमेरिकेत गेलेल्या जर्मन घराण्याचा माग काढायला बसलं की लवकरच आडनाव हातातून निसटतं. बापाच्या थडग्यावर एक, जनगणनेत दुसरं, मुलाच्या लग्नाच्या नोंदीत तिसरं. माझ्या सुनेचं माहेर अशाच घराण्यातलं, म्हणून मी या कागदांत शिरले. बहुतेकांची फसगत एकाच ठिकाणी होते, असं माझं ठाम मत झालं आहे. दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकच समजल्या जातात: कानामुळे बदललेलं आडनाव आणि शेतामुळे बदललेलं आडनाव. पहिल्यात आडनाव तेच राहतं, फक्त लिहिणारा ते वेगळं लिहितो. दुसऱ्यात आडनावच दुसरं होतं, आणि तेही बोटीत पाय ठेवण्याच्या कितीतरी आधी, जर्मनीतच.

आधी कानाचं पाहू. फिलाडेल्फियाला उतरणाऱ्या जर्मन पुरुषांना १७२७ पासून ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ घेऊन सही करावी लागे. त्यामुळे कित्येक जहाजांसाठी एकाच माणसाचं नाव दोन-दोन, कधी तीन याद्यांत सापडतं. कप्तानाच्या यादीत इंग्रजी कानाला जसं ऐकू आलं तसं, आणि शपथेच्या कागदावर त्याने स्वतःच्या हाताने जर्मन वळणात लिहिलेलं. सही येत असेल तर ती सहीच खरी मानायची. नुसती खूण केलेली असेल तर शेजारचं नाव कारकुनाचं आहे, हे लक्षात ठेवायचं.

हे बदल मनमानी नसतात. जर्मन 'व्ही' अक्षराचा उच्चार 'फ', म्हणून फोगेलचं स्पेलिंग 'एफ'ने सुरू होऊ लागतं. येगरचं पहिलं अक्षर जर्मनीत 'जे', अमेरिकेत 'वाय'. जर्मनीतल्या फाल्त्स आणि हेसे या भागांकडच्या बोलीत ब-प, ड-ट, ग-क यांची सरमिसळ होते, म्हणून गेर्बर आणि केर्बर एकाच घरात दिसू शकतात. याच बोलीत म्युलरचा उच्चार मुळातच 'मिलर'च्या जवळ जातो, त्यामुळे तो बदल गावच्या चर्चच्या वहीतही दिसू शकतो. हूबरचे हूवर झाले: राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांचा पूर्वज आंद्रेआस हूबर १७३८ मध्ये फिलाडेल्फियाला उतरला. पुढचे एक राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचा पूर्वज आयझेनहाउअर १७४१ मध्ये आला. श्मिटचा स्मिथ किंवा त्सिमरमानचा कार्पेंटर असं सरळ भाषांतरही होई, पण तिथेही धागा दिसतो. आणि न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस आयलंड या स्थलांतरित-केंद्रावर अधिकाऱ्याने नाव बदललं ही घरोघरी सांगितली जाणारी गोष्ट सोडून द्यावी. ते केंद्र १८९२ ला सुरू झालं, आणि तिथले कारकून निघण्याच्या बंदरात तयार झालेल्या याद्यांवरून फक्त पडताळणी करत.

आता शेताचं. इथे मात्र थांबून नीट समजून घ्यायला हवं.

वेस्टफालिया, लिपे, ओस्नाब्रुक या वायव्येकडच्या पट्ट्यात शेतवाडीला स्वतःचं नाव असे, आणि जो ती वाडी कसे तो ते नाव लावी. वाडीचे तुकडे होत नसत. ती अखंड एकाच वारसाकडे जाई. वारस मुलगी असेल तर लग्न करून घरात येणारा जावई आपलं आडनाव बाजूला ठेवून वाडीचं घेई. कागदोपत्री दोन्ही नावांच्या मध्ये 'गेनांट', म्हणजे 'म्हटला जाणारा', हा शब्द येतो. बहुतेकदा तो 'गेन.' एवढाच लिहिलेला असतो. लॅटिन नोंदींत त्याच जागी 'व्हुल्गो' किंवा 'आलियास' दिसतं. आपल्याकडे एकाच भावकीतली एक शाखा वतनावरून कुलकर्णी लावते आणि दुसरी गावावरून 'कर', तशातलाच हा प्रकार. फक्त तिथे माणूस हयातीतच एका नावातून दुसऱ्यात जाई.

समजा, योहान हाइनरिख निमायर नावाचा तरुण शुल्टेंच्या वाडीवर जावई म्हणून आला. त्याचा बाप्तिस्मा निमायर म्हणून, लग्न 'निमायर गेन. शुल्टे' म्हणून, आणि मुलांचे बाप्तिस्मे व स्वतःचं दफन शुल्टे म्हणून. आता ओहायोतला त्याचा खापरपणतू 'योहान हाइनरिख शुल्टे' या नावाचा बाप्तिस्मा शोधतो. त्याच वाडीवर त्याच सुमाराचा एक त्याला सापडतोही! तो असतो निमायरच्या बायकोचा भाऊ. पुढची सगळी पिढीवार रचना मग मेहुण्याच्या आईबापांवर उभी राहते. त्या पोराची दफनाची नोंद पाहिली असती, तर बहुधा तो लहानपणीच गेल्याचं कळलं असतं.

याहून अवघड प्रकार विधवेचा. वारस अल्पवयीन असताना बाप गेला, तर विधवेचा दुसरा नवरा ठरावीक वर्षं वाडी सांभाळे आणि वाडीचंच नाव लावी. त्याची मुलंही तेच नाव लावत, पण वाडीवर त्यांचा हक्क नसे. अशी बिनहक्काची मुलं आणि कुळं म्हणून राबणारी माणसं एकोणिसाव्या शतकात मोठ्या संख्येने मिझुरी, ओहायो, इंडियानाकडे निघाली. तिथे एका भावाने वाडीचं नाव ठेवलं, दुसऱ्याने बापाचं मूळचं उचललं. दोन सख्खे भाऊ, शेजारी-शेजारी शेतं, आणि आडनावांत एका अक्षराचंही साम्य नाही.

म्हणून शोधायच्या रीतीही उलट आहेत. कानाचा बदल असेल तर नाव मोठ्याने उच्चारून पाहा, पहिलं अक्षर बदलून सूची पुन्हा चाळा, मूळ सही शोधा. शेताचा बदल असेल तर उच्चाराला चिकटून काहीच हाती लागत नाही. तिथे नाव सोडून वाडी धरावी लागते: चर्चच्या नोंदीतलं वाडीचं नाव किंवा घरक्रमांक, बायकोचं माहेर, आणि बाप्तिस्म्याला उभे राहिलेले धर्ममातापिता. हे लोक बहुधा जन्मनात्यातले असत. मी तर सगळ्यात आधी गाव कुठल्या भागातलं हेच बघते. फाल्त्सचं असेल तर कानावर संशय, ओस्नाब्रुकचं असेल तर शेतावर.

पाळण्यातल्या नावांचा गोंधळ त्यामानाने लवकर सुटतो. योहान हा अनेकदा नुसता पुढे लावायचा शब्द, हाक मारायचं नाव दुसरं. घरातले तिन्ही मुलगे योहान असू शकतात, आणि अमेरिकेत योहान हाइनरिखचा हेन्री होतो, जॉन नाही. मूल दगावलं तर पुढच्या मुलाला तेच नाव देत, त्यामुळे पहिला बाप्तिस्मा सापडला म्हणून थांबू नये.

डीएनए चाचणी करणाऱ्यांनी शेताची गोष्ट आधीच माहीत करून घ्यावी. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, शुल्टे हे नाव वाडीबरोबर गेलं. एकाच वाडीचं नाव लावणाऱ्या दोन पुरुषांचं वाय जुळलं नाही, तर तेवढ्यावरून कुणाच्या पणजीवर शंका घेऊ नये. आधी लग्नाच्या नोंदीत 'गेन.' शोधावं. आणि वंशवृक्षात अशा माणसाची दोन्ही नावं लिहावीत, कुठलं कोणत्या वर्षापर्यंत वापरलं त्या वर्षासकट, म्हणजे पुढच्याला मेहुण्याचे आईबाप चिकटणार नाहीत.