काडतुसाच्या पुंगळीवरील खुणा

काडतुसाच्या पितळी पुंगळीचा कारखाना, प्रकार, वय किंवा मालक ओळखता यावा म्हणून तिच्यावर केलेल्या कायमच्या खुणा. त्या दोन प्रकारच्या असतात. एक म्हणजे कारखान्यात पुंगळी घडतानाच बुडावर मारलेला ठसा. दुसरी म्हणजे झाडलेली पुंगळी पुन्हा भरून वापरणाऱ्या नेमबाजाने स्वतः केलेली खूण. पहिलीवर संग्राहकांनी आणि तपास यंत्रणांनी भरपूर काम केले आहे. दुसरी घरगुती, गबाळी आणि ज्याची त्याची वेगळी असते, पण नेमबाजाचा चेहरा आणि हात शाबूत राहण्याशी तिचाच संबंध जास्त.

गोळी, दारू, टोपी (प्रायमर) आणि पुंगळी हे काडतुसाचे चार भाग. बार उडाला की गोळी निघून जाते, दारू जळते, टोपी निकामी होते. उरते ती पुंगळी. साधारण 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त असलेले तिचे पितळ बार उडताना फुगून बंदुकीच्या कोठीला (काडतूस बसते ती जागा, चेंबर) चिकटते, वायू मागे येऊ देत नाही आणि लगेच थोडे आकसते. या लवचीकपणामुळे ती पुन्हा भरता येते. बूड मुद्दाम जाड आणि कडक ठेवलेले असते, गोळी धरणारी मान मऊ ठेवलेली असते. त्यामुळे ठसा मारायला बुडाइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

महाराष्ट्राला हा ठसा परका नाही. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 सालचा. तिथल्या थ्री-नॉट-थ्री काडतुसांच्या बुडावर ‘के’ आणि ‘एफ’ ही अक्षरे आणि त्यांच्यामध्ये ब्रिटिश सरकारी मालमत्तेचा बाण आढळतो. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्याची खूण ‘ओएफव्ही’. सोव्हिएत कारखान्यांनी नावाऐवजी आकडे वापरले: 17 म्हणजे बर्नाउल, 60 म्हणजे फ्रुंझे, आजचे बिश्केक. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने उत्पादकाचे नाव शत्रूला कळू नये म्हणून अक्षरसंकेत काढले. मागदेबुर्गच्या पोल्टे कारखान्याचा संकेत होता ‘एयूएक्स’. लपवण्यासाठी मारलेला शिक्का आज संग्राहक सहज वाचतात.

अमेरिकेच्या फ्रँकफर्ड शस्त्रागाराने 1877 पासून बुडावर महिना आणि वर्ष घालायला सुरुवात केली. अमेरिकी सैन्य आणि मूळनिवासी यांच्यातली लिटल बिगहॉर्नची लढाई त्याच्या आदल्या वर्षीची, जून 1876 ची, म्हणून तिथे सापडलेल्या लष्करी पुंगळ्यांची बुडे कोरी होती. 1984 च्या उत्खननात संशोधकांनी दुसरी वाट धरली. प्रत्येक बंदुकीच्या आघात-पिनीची, म्हणजे टोपीवर आदळून बार उडवणाऱ्या पिनीची, टोचणी थोडी वेगळी उमटते; ती जुळवून एकेक बंदूक रणांगणावर कुठून कुठे सरकली हे त्यांनी मांडले. पिनीच्या टोकावरच सूक्ष्म अक्षरे कोरून ही टोचणी वाचनीय करायची कल्पना कॅलिफोर्नियाने 2007 मध्ये कायद्यात आणली. तिच्या उपयोगाबद्दल तिथे अजून वाद आहे.

कारखान्याचा ठसा पुंगळीचा जन्म सांगतो, वय सांगत नाही. ती कितीदा झाडली, कोणत्या बंदुकीत झाडली, मान तापवून मऊ कधी केली, यातले काहीच त्यावर नसते. दर वेळी फुगल्या-आवळल्याने पितळ ठिसूळ होते. मग मानेला चीर जाते, किंवा बुडाच्या थोडे वर आतून खाच पडून पुंगळी आडवी तुटते. कधी ठसा चक्क खोटा ठरतो. 223 रेमिंग्टन या प्रकारच्या काडतुसाची पुंगळी आखूड कापून, तोंड रुंद करून 300 ब्लॅकआउट हा जाड गोळीचा प्रकार बनवतात. बुडावर मात्र 223 तसेच राहते. असे काडतूस 223 च्या बंदुकीत बसू शकते आणि झाडले तर बंदूक फुटते. रूपांतरित पुंगळीवर नवी खूण करणे मी तरी ऐच्छिक मानणार नाही.

पुन्हा भरणारे बहुतेक जण मार्करच्या रेघेवर भागवतात. सामन्यात जमिनीवर पडलेल्या पुंगळ्यांतून आपल्या वेचायला ती पुरते. पण पुंगळ्या साफ करताना त्या अक्रोडाच्या टरफलांच्या भुशात किंवा स्टीलच्या बारीक पिनांत तासन्‌तास घोळवतात, त्यात शाई निघून जाते. म्हणून कायमच्या खुणेचे उपाय आले: बुडाच्या कडेला कानशीने बारीक खाच, विजेच्या कोरणीने ठिपके, आम्ल किंवा विद्युतरसायनाने कोरणे, लेझर. खाचेचा आणखी एक फायदा म्हणजे पुंगळी दर वेळी कोठीत एकाच बाजूने बसवता येते. अचूकतेच्या स्पर्धेतले नेमबाज त्यासाठीच ती करतात. खाच खोल गेली तर पुंगळी बाहेर ओढणारा आकडा निसटतो. हातोडीने अक्षर ठोकले तर धातू वर उचलला जाऊन बूड सपाट राहत नाही. पुंगळीच्या अंगावर कोरणे तर वाईटच, कारण पितळ तिथे बुडापेक्षा बरेच पातळ असते. आणि खूण नेहमी रिकाम्या, टोपी काढलेल्या पुंगळीवर करायची; जिवंत काडतुसावर कोरणी चालवणे हा शुद्ध आचरटपणा आहे. डब्यावर चिठ्ठी लावून गठ्ठ्यागणिक हिशेब ठेवणारेही बरेच असतात, मात्र डबा एकदा उलटला की तो हिशेब संपतो.

भारतात हा छंद रुजलेला नाही. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 5 नुसार दारूगोळा तयार करायला परवाना लागतो, आणि बंदूक बाळगण्याचा परवाना तो नव्हे. इथे पुंगळी आधी मोजली जाते. जालियनवाला बागेत 1650 गोळ्या झाडल्या गेल्या, हा आकडा वेचलेल्या रिकाम्या पुंगळ्या मोजूनच आला होता. पोलिसांच्या सरावातही झाडलेल्या पुंगळ्या वेचून शस्त्रागारात जमा कराव्या लागतात, आणि एखादी गवतात हरवली तर ती सापडेपर्यंत शोधाशोध चालते. तिच्यावर स्वतःची खूण करण्याची वेळ शिपायावर येत नाही.