उसाच्या फडात लोहाची गोळी का पुरी पडत नाही

वाळवा, कराड भागात गळीत हंगाम सुरू झाला की जत, बीडकडच्या ऊसतोड टोळ्या फडाशेजारी कोप्या (पाचटाच्या झोपड्या) टाकतात. तिथल्या गरोदर बाईचं हिमोग्लोबिन 11 ग्रॅमच्या खाली आलं, म्हणजे रक्त कमी पडलं, तर उपचार साधा आहे: 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिडची गोळी, दिवसातून दोनदा. महिन्याभरात किमान 1 ग्रॅम वाढ दिसली नाही, तर पुढे पाठवायचं. 7 च्या खाली असेल तर थेट मोठ्या दवाखान्यात. गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात.

पण दवाखान्यात जाण्याचा दिवस फुकट नसतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे कामाची एक जोडी धरतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, हंगामाआधीच घेतलेली असते, ती तोडलेल्या उसाच्या टनावारी फिटते. तपासणीला गेलं की खाडा (कामाचा बुडालेला दिवस) पडतो आणि टोळी आणणारा मुकादम तो हिशेबात धरतो. म्हणजे आजार अंगावर काढणं हा अडाणीपणा नाही, घेतलेल्या पैशाचा दाब आहे.

गोळी हातात आली तरी अडचण संपत नाही. पहाटे उपाशीपोटी घेतली की मळमळतं, आणि दिवसभर वाकून तोडणी करायची, मोळ्या वाहायच्या, तर ती बंदच होते. चहाबरोबर घेतली तर चहातलं टॅनिन लोह शरीरात शोषू देत नाही. शौचाला काळं होतं म्हणूनही बाया घाबरतात. त्यात धोका नाही, हे आधीच सांगायला हवं. मळमळत असेल तर गोळी जेवणानंतर घ्यावी, सोबत लिंबू असलं तर उत्तम. चहा आणि कॅल्शियमची गोळी दोन तास लांब ठेवावी.

खरी गळती मात्र नोंदीत आहे. आरोग्य उपकेंद्र 5,000 लोकसंख्येला, आशा सेविका 1,000 ला. ही मोजणी गावच्या रहिवाशांची. टोळी त्यात नसते. माता-बाल संरक्षण कार्ड गावीच राहिलं, तर मागचं हिमोग्लोबिन कळत नाही आणि नव्या सिस्टरला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पल्स पोलिओच्या नियोजनात वीटभट्ट्या, ऊसतोडीच्या वस्त्या धरल्या जातात. मग गरोदर बायांची यादी का होऊ नये?

कोणती टोळी कुठल्या फडात आहे हे चिटबॉयला, म्हणजे तोडणीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, माहीत असतं. त्याला विचारून संध्याकाळी, बाया कोपीवर परतल्यावर जावं, रक्त तिथेच तपासावं, महिन्याच्या 60 गोळ्या एकदम द्याव्यात. आणि गरोदरपणातल्या किमान 4 तपासण्यांच्या दिवशी खाडा धरायचा नाही, हे कारखान्यांनी मुकादमाच्या करारातच लिहून घ्यावं.