पार्श्वभूमी : फिक्स, सीझन आणि रात्रीचे दहा

वेंगुर्ला-मालवणकडच्या पोरांच्या तोंडी ‘रेसिडेन्सी’ हा शब्द सहसा येत नाही. आपल्याकडे रेसिडेन्सी म्हणजे हायवेवरचं लॉज. शॅकवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या झावळ्यांच्या हॉटेलात, किंवा रिसॉर्टवर आठवड्याचे चार-पाच दिवस ठरलेलं वाजवणं असेल तर त्याला ‘फिक्स’ म्हणायचं, आणि दिवाळीपासून मेअखेरपर्यंत ते टिकलं तर सीझन निघाला. फिक्स म्हटलं की पैसे डोळ्यांपुढे येतात. एकाच स्टेजवर महिनोन्महिने रोज वाजवून बँड घडतो, हा रेसिडेन्सीचा अर्थ त्या शब्दात नाही. पुढचं सगळं त्या दुसऱ्या अर्थाबद्दल आहे.

किनाऱ्याला ही गोष्ट नवी नाही. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेले गोव्याचे वादक मुंबईच्या हॉटेलांत रोज रात्री जॅझ वाजवत. १९४९चा दारूबंदी कायदा आल्यावर तिथली रात्र आटली आणि त्यातले बरेच जण सिनेमाच्या वाद्यवृंदांत गेले. रोजच्या वाजवण्याने तयार झालेला कान मग स्टुडिओच्या कामी आला.

रॉकचा दाखला मात्र सगळे जर्मनीतल्या हॅम्बुर्गचाच देतात. १७ ऑगस्ट १९६० रोजी लिव्हरपूलच्या बीटल्स बँडचे पाच जण तिथल्या ‘इंद्रा’ क्लबात उभे राहिले. रोज साडेचार तास, शनिवार-रविवारी सहा. गाठीशी असलेली गाणी तेवढ्याला पुरणार कुठून? मग एकेक गाणं ताणायचं, समोरच्या खलाशांना खुर्चीत बसवून ठेवायचं, आवाज बसला तरी गायचं. ४८ रात्रींनंतर शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे ‘इंद्रा’तलं वाजवणं बंद झालं आणि बीटल्स ‘कायझरकेलर’ या दुसऱ्या क्लबात गेले. तिथे त्यांच्याच गावचा दुसरा बँड होता आणि दोघे आलटून पालटून वाजवत. आपल्या भजनाच्या डबलबारीची आठवण यावी असाच प्रकार: समोरच्या बुवाने रंग भरला की आपली बारी दुप्पट जोराने लावायची. त्या दुसऱ्या बँडचा ड्रमर पुढे बीटल्सकडे आला. बाकीचा तो बँड तितक्याच रात्री वाजवूनही मागे पडला, हे दाखला देणारे सोयीने विसरतात. मुक्कामाने हात बसतो, एकमेकांचा श्वास कळतो. गाणी रचता येतात की नाही, तो हिशेब वेगळा.

तिथेही रात्रीचे दहा आडवे आलेच. अठरा वर्षांखालच्यांना दहानंतर नाइटक्लबात थांबायला जर्मन कायद्याने बंदी होती. बँडचा एक गिटारवाला सतरा वर्षांचा निघाला आणि नोव्हेंबर १९६० मध्ये त्याला देशाबाहेर काढलं.

आपले दहा वेगळे. केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम २०००चे. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, बंदिस्त जागेचा अपवाद. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २००५च्या निकालानंतर नियमाला धार आली. राज्याला वर्षातून पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते, पण ते दिवस सणांच्या वाट्याला जातात. २०१०च्या दुरुस्तीने भोंग्याच्या जोडीला वाद्यंही नियमात आली. म्हणजे माइक काढून नुसती गिटार घेतली तरी कागदावर सुटका नाही. आणि सगळा घोळ ‘बंदिस्त जागा’ या दोन शब्दांत. नियमात उदाहरणं आहेत ती सभागृहाची, बँक्वेट हॉलची. झावळ्यांचं छप्पर आणि तीन बाजू उघड्या असलेला शॅक त्यात बसत नाही. काचा लावून एसी केलेला हॉल बसतो. ज्याच्याकडे काचेचे पैसे, त्याची रात्र लांब.

वाजवणारे या नियमावर चिडून आहेत आणि त्यांचं म्हणणं अगदी चुकीचं नाही. सातला सुरू करून दहाला आवरायचं, मधे जेवणाची सुट्टी. हाती राहतात जेमतेम अडीच तास. एवढ्यात गाणी संपतच नाहीत, आणि गाणी संपल्याशिवाय नवं काही सुचायची वेळ येत नाही. पण शॅकच्या मागच्या वाडीत पहाटे तीनला उठून होडी लोटणारा माणूस झोपलेला असतो, हे स्टेजवरून दिसत नाही. माझ्या मते नियमापेक्षा जास्त नुकसान मालकाच्या यादीने केलंय. रोज तीच वीस गाणी, त्यातली निम्मी टेबलावरून आलेली फर्माईश.

डीजेवाल्यांनी वाट काढली. गोव्यात काणकोणच्या पाळोळ्याला हेडफोन पार्ट्या सुरू झाल्या, दहानंतर नाचणारे नाचतात आणि किनारा गप्प. ड्रमसेटचा दणका हेडफोनात कोंबता येत नाही. म्हणून आता किनाऱ्यावर जागोजाग काहोन दिसतो: ड्रमर त्या लाकडी पेटीवर बसतो आणि दोन मांड्यांच्या मध्ये तळव्यांनी थाप देतो. आवाज आटोक्यात, सामान स्कूटरवर मावतं, आणि मालकाला पाचाऐवजी तिघांचेच पैसे मोजावे लागतात. बेसवाला आणि दुसरा गिटारवाला घरी. ड्रमरच्या बास ड्रमचं पेडल मारणाऱ्या उजव्या पायाची सवय दोन सीझनमध्ये मोडते. पावसाळ्यात गॅरेजमध्ये पाचही जण जमले की पहिला तास तो पाय जागेवर आणण्यातच जातो.