मज्जारज्जूची इजा आणि ‘पुनर्वसन’ : एका वैद्यकशाखेची पार्श्वभूमी

मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णांसाठीच आपली सारी कारकीर्द देणारा डॉक्टर ही तशी अलीकडची गोष्ट आहे. प्राचीन इजिप्तच्या वैद्यकीय लेखात ही इजा उपचार न करण्याजोगी मानली आहे, आणि पहिल्या महायुद्धातही कमरेखाली लुळे पडलेले बहुतेक सैनिक शय्याव्रणांनी (एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांनी) किंवा मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने दगावत. १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे, जर्मनी सोडून आलेल्या एका डॉक्टरने रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलण्याचा आग्रह धरला, त्यानंतर हे चित्र पालटले. भारतात १९५५ साली मुंबईत हाजी अली येथे, १९६६ साली वेल्लोरला आणि १९७४ साली सैनिकांसाठी खडकीला पुनर्वसन केंद्रे उभी राहिली.

पुनर्वसन-वैद्यक या शाखेचे खरे नुकसान तिच्या नावाने केले आहे, असे मला वाटते. कोल्हापुरात ‘पुनर्वसन’ म्हटले की दूधगंगा-वारणेचे धरणग्रस्त किंवा २०१९ च्या महापुरातील कुटुंबे आठवतात. दवाखाना आठवत नाही. दवाखान्याच्या संदर्भात तो शब्द आलाच, तर त्याचा अर्थ फिजिओथेरपी असा घेतला जातो आणि पुनर्वसन-वैद्यकात एम. डी. झालेल्या डॉक्टरलाही ‘फिजिओ’ म्हटले जाते. फिजिओथेरपिस्टचे काम मोलाचेच आहे, पण ते वेगळे आहे. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा तिच्या वर इजा झालेल्या रुग्णाचे मूत्राशय नुसते तुंबले, तरी त्याचा रक्तदाब जीवघेणा चढू शकतो. ते वेळीच ओळखणे, स्नायूंचा ताठरपणा औषधाने आटोक्यात ठेवणे, आणि ठरावीक वेळाने स्वतःच कॅथेटर घालून लघवी काढण्याची १९७२ पासून रुळलेली पद्धत रुग्णाच्या अंगवळणी पाडणे, ही जबाबदारी या डॉक्टरची असते. शस्त्रक्रियेनंतर ‘आता फक्त व्यायाम’ एवढेच सांगून रुग्णाला घरी पाठवले, तर तो या डॉक्टरपर्यंत पोहोचतो तेव्हा बहुधा माकडहाडावर जखम झालेली असते.

कोल्हापुरात १९८४ साली अपंग व्यक्तींनीच पुढाकार घेऊन संस्था उभी केली आणि चाकाच्या खुर्चीवरचे शिक्षण, नोकरी, घर हे प्रश्न शहरासमोर आणले. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी या शाखेचा डॉक्टर असावाच, असे बंधन त्यात नाही.