आगबोट बदक : उशुआयाला निघालेल्या आमच्या प्रवाशांसाठी

अंटार्क्टिकाचं बुकिंग झालं की प्रश्न ठरलेले असतात. पेंग्विन किती जवळून दिसतील? बोटीवर शाकाहारी जेवण मिळेल ना? या बदकाबद्दल कुणी विचारत नाही. गेल्या खेपेला मात्र उशुआयाच्या, म्हणजे अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला जिथून अंटार्क्टिकाची बोट सुटते त्या गावाच्या, किनाऱ्यावर गटातल्या एका आजी थबकल्या. म्हणाल्या, "अहो, त्या बदकाचे पंख मोडलेत का? नुसतं पाणी बडवतंय."

मोडलेलं काही नव्हतं. ते स्टीमर डक, म्हणजे आगबोट बदक. तिकडे स्पॅनिशमध्ये 'पातो वापोर'. घाई झाली की ते पंख आणि पाय एकदमच पाण्यावर मारत सुटतं, मागे फेसाचा पट्टा उरतो. आगबोट म्हटलं की कोकणवाल्यांना भाऊचा धक्का आठवेल, पण हे नाव आलंय दोन्ही अंगांना चाकं असलेल्या जुन्या आगबोटींवरून. त्याआधी खलाशी याला शर्यतीचा घोडा म्हणत, असं डार्विनने नोंदवलंय.

याच्या चार जाती आहेत. तीन मुळीच उडत नाहीत. चौथी उडते, पण तिच्यातले काही नर इतके जड होतात की त्यांनाही ते जमत नाही. उशुआयासमोरच्या बीगल खाडीत उडणारी आणि न उडणारी, दोन्ही प्रकारची भेटतात, त्यामुळे ओळखताना आमचीही फसगत होते. न उडणारा नर साधारण सहा किलोंपर्यंत भरतो. अंग राखाडी, चोच नारिंगी, आणि पंख त्या धुडाला अगदीच तोकडे. उडून जायचं तरी कुठे? केल्प नावाच्या समुद्री शेवाळाच्या रानात बुडी मारली की शिंपले, खेकडे बारा महिने हाताशी. शिंपले फोडायचे म्हणून डोकंही तसंच दणकट. ही कवटी आपल्या भूशास्त्राच्या हातोडीनेही जेमतेम फुटली, असं डार्विन लिहून गेलाय.

स्वभावाने मात्र गरीब नाही. जोडी किनाऱ्याचा आपला तुकडा धरून असते. पंखाच्या सांध्यावर नारिंगी टणक गाठी असतात आणि भांडणात त्यांचेच तडाखे बसतात. त्यात दुसरे पाणपक्षी मेल्याच्याही नोंदी आहेत. अंडी मादी उबवते, नर पाण्यात पहारा देतो. म्हणून किनाऱ्यावर एकटाच नर दिसला तर गवतात शिरू नका, घरटं जवळपास असू शकतं. पाव-बिस्किटंही टाकू नका.

फॉकलंडमार्गे जाणाऱ्यांना तिथलीच वेगळी जात दिसेल. तिच्यात नर-मादी लगेच ओळखू येतात : नराची चोच नारिंगी, मादीची हिरवट.

शोधताना आकाशाकडे बघू नका. केल्प तरंगताना दिसेल तिथे, पाण्यालगत बघा. बोट साधारण संध्याकाळी सुटते, म्हणून सकाळचा एक तास किनाऱ्यासाठी मोकळा ठेवलाय. नाश्ता आटोपून खाली या. दोन जादा दुर्बिणी आमच्याकडे असतात.